पाठीमागं कुणी नको

आण्णांनी माझ्या लग्नाची तयारी
रजा काढल्यासारखी केली नाही,
ड्युटी लागल्यासारखी केली.
चौतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर.
कसबा बावड्यातलं कार्यालय ठरवण्याआधी
ते तीनदा तिथं जाऊन नुसते बसून आले,
एकदा सकाळी दहाला, एकदा भर दुपारी,
एकदा भलत्याच कुणाच्या तरी लग्नात.
मॅनेजरनं विचारलं, कुणाकडचे तुम्ही?
आण्णा म्हणाले, उन्हाकडचा.
घरी येऊन वहीत लिहिलं:
उजवीकडच्या चार रांगांवर बारानंतर ऊन. पडदा सांगणे.

वही जुनीच, तिकिटांच्या हिशेबाची.
तिच्यात आता माणसं चढत होती.
आजऱ्याची काकू: गुडघे. पायरीपाशी हात द्यायला कुणीतरी.
बाळगोंडा मामा, रुकडी: कंदमूळ नाही.
कढई वेगळी, नुसता डाव वेगळा नव्हे.
नबीसाहेब ड्रायव्हर: डावा कान इंजिनानं खाल्ला.
उजवा कान अंतरपाटाकडं येईल असं बसवणे.
तान्ह्या पोरांच्या आया: मागची खोली. पंखा फिरतो का,
कडी आतनं लागते का, स्वतः बघणे.
गारगोटीची गाडी दहा चाळीस. दोन रिक्षा. पैसे आधी.

मला शालूचा रंग कुणी विचारला नाही.
चिडले एकदा. म्हटलं,
लग्न माझं आहे का पाहुण्यांचं?
आण्णा चष्मा पुसत म्हणाले,
तुझं रोजच असणार की आता.
त्यांचं एका दिवसाचं.

धाकटे काका म्हणाले, निदान चेअरमनसाहेबांचं नाव
माईकवर घ्यायला नको?
नको. नावं वाचता वाचता
माणसांच्या मुठीत अक्षता घामेजत्यात.
फेटे मात्र बांधायचे, दारातच, येईल त्याला.
मागायची पाळी यायला नको.

शेवटच्या पानावर एकच ओळ,
खाली दोन रेघा:
जेवणाऱ्याच्या खुर्चीमागं कुणी उभं राहायचं नाही.

आईला विचारलं. ती हळकुंडं मोजत होती.
मोजणं चुकलं तिचं.
निपाणीचं लग्न, म्हणाली. आमचं पहिलंच वर्ष.
कशीबशी खुर्ची मिळाली,
दोन घास खाल्ले नाहीत तोवर
मागं एक बाई येऊन ठाकली.
तिची पर्स माझ्या पाठीला लागत होती सारखी.
आटपा की, म्हणाली.
अर्ध्या जिलेबीवरनं उठले बघ.
तुझे आण्णा पलीकडच्या रांगेत.
मी काही बोलले नाही, त्यांनी काही विचारलं नाही.
मला वाटलं, दिसलंच नसंल त्यांना.

बारा सदतीसचा मुहूर्त
बारा सदतीसलाच लागला.
एक रिक्षा चुकीच्या स्टँडवर जाऊन थांबली होती,
मठ्ठा मध्येच संपला,
आणि ऊन, पडदा चुकवून,
नेमकं पाचव्या रांगेत जाऊन बसलं.
पण नबीसाहेब प्रत्येक 'सावधान'ला
मान हलवत होते, फेट्याचा तुरा हलत होता.

चार वाजता आई बसली, शेवटच्या पंगतीला.
मंडपवाल्याची पोरं खुर्च्या गोळा करत निघालेली,
एकीत एक, एकीत एक,
खडखडाट तिच्या रांगेपर्यंत आला.
तेव्हा मी पाहिलं,
दोन रेघांचा तो नियम
आण्णांनी स्वतःच मोडला होता.
आईच्या खुर्चीमागं ते उभे,
फेटा सुटून खांद्यावर आलेला,
दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर,
गाडी खच्चून भरल्यावर
सीटचा दांडा धरून उभे राहायचे तसे.

पोरं थांबली.
आईनं मागं वळून बघितलं नाही.
वाढप्याला हाक मारली
आणि आणखी एक जिलेबी घेतली.